जोड कशी तोलावी : ऑनलाइन हवाई लढाईत दोन लढाऊ विमानांची तुलना करण्याची पद्धत

परळ-लालबागच्या तालमींत कुस्तीची जोड लावताना वस्ताद दोघांचे वजन पाहतात, उंची पाहतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. दम कोणाचा किती टिकतो, पट काढण्यात कोणाचा हातखंडा आहे आणि पहिल्या दोन मिनिटांनंतर कोणाची पकड ढिली पडते, हे ध्यानात घेऊन मगच जोड ठरते. ऑनलाइन हवाई लढाईच्या खेळात दोन लढाऊ विमाने एकमेकांसमोर ठेवून तोलायची असतील, तर हीच नजर लागते. म्हणूनच या लेखात मी ‘मॅचअप’साठी ‘जोड’ हाच शब्द वापरणार आहे.

‘स्पिटफायर चांगले की फॉके-वुल्फ १९०?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्यावर माझा प्रतिप्रश्न असा असतो की, किती उंचीवर, किती वेगाला आणि टाकीत किती इंधन असताना? या तीन गोष्टी ठरल्याशिवाय जोडीचा निकाल सांगता येत नाही, कारण तीच दोन विमाने दोन हजार मीटरवर एक निकाल देतात आणि आठ हजार मीटरवर दुसरा. पुढे दिलेली पद्धत मी आणि डोंबिवलीला राहणारा माझा मावसभाऊ अशा दोघांनी शनिवार-रविवारच्या रात्री बसून हळूहळू घडवली आहे. उदाहरणे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची आहेत आणि खेळातले तपशील ‘वॉर थंडर’चे आहेत, मात्र उड्डाणाचे भौतिकशास्त्र जपणाऱ्या कोणत्याही खेळाला ती लागू पडते.

पहिली पायरी : लढाई कोणत्या प्रकारची, ते आधी ठरवा

आर्केड, रिअ‍ॅलिस्टिक आणि सिम्युलेटर या तिन्ही प्रकारांत एकाच विमानाचे वागणे वेगळे असते, त्यामुळे एका प्रकारात घेतलेली मोजमापे दुसऱ्यात वापरू नयेत. माउसने उडवताना खेळातला अदृश्य साहाय्यक विमानाला स्टॉल होण्यापासून, म्हणजे पंखांची उचल तुटण्यापासून, सावरत असतो आणि त्यापायी विमानाची शेवटची थोडी वळणक्षमता वापरात येत नाही. जॉयस्टिकने ती मिळते, पण चूक झाली की विमान गरगरत खाली जाते. आपण ज्या प्रकारात आणि ज्या साधनाने खेळतो, त्यातच मोजावे. या पायरीवर याहून अधिक वेळ घालवण्याची गरज नाही.

दुसरी पायरी : कागदावरचे आकडे काढा, पण चार घटकांपुरतेच

विमानाच्या माहितीपत्रकात वीस-पंचवीस आकडे असतात आणि नवखा खेळाडू त्यांतला कमाल वेग आधी पाहतो. वास्तविक कमाल वेग हा तुलनेसाठी सर्वांत फसवा आकडा आहे, कारण तो एका ठरावीक उंचीवरचा असतो आणि तेथे पोहोचायला सरळ रेषेत कित्येक मिनिटे उडावे लागते. त्याऐवजी पंखांवरचा भार, वजनाच्या मानाने इंजिनाची शक्ती, इंजिनाला मानवणारी उंची आणि शस्त्रे हे चार घटक वहीत उतरवावेत.

पंखांवरचा भार म्हणजे विमानाचे वजन भागिले पंखांचे क्षेत्रफळ. जपानी झिरोच्या ए६एम२ या प्रकाराचे भरलेले वजन सुमारे २,४१० किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २२.४ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण १०७ किलो. स्पिटफायर मार्क ९ चे वजन सुमारे ३,४०० किलो आणि क्षेत्रफळ २२.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १५० किलो. फॉके-वुल्फ १९० ए-८ चे वजन ४,३०० किलोच्या पुढे आणि क्षेत्रफळ १८.३ चौरस मीटर, म्हणजे २३५ किलोहून अधिक. भार जितका कमी, तितके विमान लहान वर्तुळात वळते, एवढे अनुमान पहिल्या नजरेला पुरेसे आहे.

शक्तीचा हिशेबही असाच मांडावा. मार्क ९ मधले मर्लिन ६६ आणि ए-८ मधले बीएमडब्ल्यू ८०१ ही दोन्ही इंजिने साधारण १,७०० अश्वशक्तीची आहेत. परंतु फॉके-वुल्फ जवळपास एक टन अधिक वजन वाहत असल्यामुळे त्याच शक्तीत त्याला चढण जड जाते. शक्ती आणि वजन यांचा मेळ जमला नाही तर उत्तम आकाराचे विमानही कसे अडखळते, याचा नमुना आपल्या मुंबईतच आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेले एचएफ-२४ मरुत हे विमान फॉके-वुल्फ १९० चेच रचनाकार कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडले आणि १९६१ साली प्रथम उडाले. त्याची बांधणी ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्याच्या उद्देशाने केलेली होती; मात्र त्या ताकदीची इंजिने मिळाली नाहीत आणि दोन ऑर्फियस इंजिनांवर ते हेतूपेक्षा कमी वेगाचेच राहिले. त्या विमानाजवळ उभे राहून त्याच्या निमुळत्या अंगाकडे पाहिले की केवळ आकारावरून विमान का जोखू नये, हे मनावर ठसते.

आकडे उतरवताना दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. माहितीपत्रकावरचा कमाल वेग हा हवेतला खरा वेग असतो, तर उड्डाणात वेगमापकावर दिसणारा वेग हा हवेच्या दाबावरून काढलेला, म्हणजे दर्शित वेग असतो. सहा हजार मीटरवर हवा इतकी विरळ असते की मापकावर ताशी ४०० किलोमीटर दिसत असताना विमान प्रत्यक्षात ५४५ च्या आसपास जात असते. पंखांना आणि सुकाणूंना जाणवतो तो मुख्यतः दर्शित वेग, आणि शत्रूला गाठण्यासाठी उपयोगी पडतो तो खरा वेग. वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘द’ किंवा ‘ख’ लिहून ठेवावे. दुसरी सावधगिरी अशी की नव्याने घेतलेले, सुधारणा न बसवलेले विमान आणि सर्व सुधारणा बसवलेले विमान यांच्या चढण्यात आणि वेगात मोठा फरक असतो. दोन्ही विमाने एकाच अवस्थेत असल्याशिवाय त्यांचे आकडे शेजारी मांडू नयेत.

तिसरी पायरी : दम मोजायला शिका

या खेळात ज्याला सगळे ‘एनर्जी’ म्हणतात, तो विमानाचा दम होय. घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या गाडीजवळ वेग नसतो, पण उताराच्या रूपाने तो साठलेला असतो. पायथ्याशी भरधाव आलेल्या गाडीजवळ उंची नसते, पण काही अंतर चढून जाण्याइतका वेग असतो. विमानाच्या बाबतीत हे दोन्ही एकाच मापात आणता येतात. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला १९.६ ने भागावे आणि आलेल्या मीटरमध्ये उंची मिळवावी.

समजा, एक विमान ३,००० मीटरवर ताशी ३६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १०० मीटरने उडत आहे. त्याच्या वेगाची किंमत ५१० मीटर भरते आणि एकूण दम ३,५१० मीटर होतो. दुसरे विमान २,००० मीटरवर ताशी ६४८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १८० मीटरने येत आहे. त्याच्या वेगाची किंमत १,६५० मीटर आणि एकूण दम ३,६५० मीटर. याचा अर्थ, एक किलोमीटर खाली असलेल्या विमानाचा दम किंचित अधिकच आहे आणि ते वरच्याच्या पातळीपर्यंत उसळून येऊ शकते. ‘मी वर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असे मानून कित्येक खेळाडू येथेच मारले जातात.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट उघड होते. ताशी ३०० वरून ४०० पर्यंत वेग वाढवला तर दमात सुमारे २७५ मीटरची भर पडते, पण ५०० वरून ६०० पर्यंत वाढवला तर ४३० मीटरहून अधिक. वेगात असताना एखादे निष्काळजी, करकचून घेतलेले वळण इतके महाग का पडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. विमानाचा दम किती भरभर वाढतो किंवा घटतो, यावरून त्याची योग्यता ठरवण्याचा विचार अमेरिकी हवाई दलाच्या जॉन बॉइड यांनी गणितज्ञ थॉमस क्रिस्टी यांच्यासोबत १९६० च्या दशकात मांडला आणि पुढे लढाऊ विमानांच्या रचनेवर त्याचा प्रभाव पडला. आपल्याला त्यांचे आलेख काढण्याची गरज नाही. पण वरचा हिशेब तोंडी करण्याइतका सराव मात्र हवा.

चौथी पायरी : चाचणी उड्डाणात स्वतः मोजा

सगळी मेहनत खरे तर या पायरीत आहे आणि येथे घाई करून चालत नाही. वॉर थंडर चालू असताना त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी अक्षरांत लोकलहोस्ट आणि त्यापुढे अपूर्णविराम देऊन ८१११ टाकले, तर नकाशा आणि मापकांचे आकडे वेगळ्या पानावर दिसतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ते पान शेजारी उघडे ठेवावे. फोनवरचे स्टॉपवॉच आणि एक साधी दोनशेपानी वही पुरते. आमच्याकडे मावसभाऊ विमान उडवतो, मी हेडफोनवर त्याचे ‘सुरू’ आणि ‘थांब’ ऐकून वेळ नोंदवतो. एकट्याने करायचे असल्यास उड्डाणाचा रिप्ले जतन करून त्यावरून वेळ मोजावी, म्हणजे लक्ष दोन ठिकाणी विभागले जात नाही.

इंधन टक्क्यांत न घेता मिनिटांत सारखे घ्यावे. लांब पल्ल्याच्या विमानाची अर्धी टाकीही लढाईपुरती अतोनात असते आणि ते वजन उगाच वाहिले जाते. अमेरिकी पी-५१डी मस्टँगच्या धडात, वैमानिकाच्या पाठीमागे, ८५ गॅलनची टाकी होती. ती भरलेली असताना विमानाचा तोल मागे सरकत असे आणि ते वळणात अस्थिर होत असे. म्हणून तुलना करताना दोन्ही विमानांत, उदाहरणार्थ, वीस मिनिटांचेच इंधन भरावे.

पहिली चाचणी चढण्याची. प्रत्येक विमानाच्या सोयीच्या चढणवेगाने १,००० मीटरपासून ३,००० मीटरपर्यंत, नंतर ३,००० पासून ५,००० आणि ५,००० पासून ७,००० पर्यंत लागलेला वेळ स्वतंत्रपणे नोंदवावा. तीन टप्पे वेगळे ठेवण्याचे कारण असे की इंजिनाचा सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून इंजिनाला पुरवणारा पंप, कोणत्या उंचीपर्यंत साथ देतो, ते या टप्प्यांतूनच कळते. एक विमान सेकंदाला २० मीटर आणि दुसरे १७ मीटर चढत असेल, तर दोन मिनिटांत दोघांत ३६० मीटरचे अंतर पडते आणि हे अंतर लढाई सुरू होण्याआधीच हातात आलेले असते.

दुसरी चाचणी सतत वळण्याची. हजार मीटरवर, पूर्ण थ्रॉटल देऊन, फ्लॅप (पंखांमागच्या उघडत्या पट्ट्या) न उघडता, उंची पन्नास मीटरपेक्षा अधिक न ढळू देता वर्तुळ घ्यावे. पहिले वर्तुळ सोडून द्यावे, कारण त्यात सुरुवातीचा वेग जिरत असतो. पुढच्या तीन वर्तुळांची वेळ घेऊन तिला तीनने भागावे. पडताळ्यासाठी एक आकडा लक्षात ठेवावा की ताशी ३६० किलोमीटर वेगाने ३जी चे, म्हणजे गुरुत्वाच्या तिप्पट जोराचे, वळण घेतल्यास त्रिज्या सुमारे ३६० मीटर येते आणि एक वर्तुळ साडेबावीस सेकंदांत पूर्ण होते.

या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र बहुतेक जण चुकतात. एक विमान १८ सेकंदांत आणि दुसरे २२ सेकंदांत वर्तुळ पूर्ण करत असेल आणि दोघे वर्तुळाच्या समोरासमोरच्या टोकांना असतील, तर पहिले दुसऱ्याच्या शेपटीवर साधारण ५० सेकंदांत येते. तेच आकडे २० आणि २१ सेकंद असतील, तर त्याच कामाला साडेतीन मिनिटे लागतात. साडेतीन मिनिटे एकाच वर्तुळात फिरत राहिलेल्या खेळाडूला तिसराच कोणीतरी येऊन टिपतो. म्हणून वळणाच्या वेळेत एका सेकंदाचा फरक असेल, तर मी वहीत ‘बरोबरी’ असेच लिहितो आणि निकाल इतर चाचण्यांवर सोपवतो.

तिसरी चाचणी दम टिकवण्याची आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची हीच. मापकावर ताशी ४५० किलोमीटर असताना सपाट वळण पूर्ण ओढून घ्यावे आणि विमानाचे नाक १८० अंश फिरताच वेग वाचावा. काही विमाने या अर्ध्या वर्तुळात वेग पार गमावून बसतात आणि काही बराचसा राखतात. पण पुष्कळदा वेग गमावणारे विमानच ते अर्धे वर्तुळ आधी पूर्ण करते. पहिल्या डावात तरबेज आणि दुसऱ्या डावात हतबल असा तो पैलवान असतो. त्यामुळे अर्ध्या वर्तुळाला लागलेला वेळ आणि शेवटी उरलेला वेग हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

चौथी चाचणी गिरकीची, म्हणजे रोल रेटची. मापकावर २५०, ४०० आणि ५५० असे तीन वेग घेऊन डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण गिरकीला लागणारा वेळ मोजावा. पाचवी चाचणी सूर मारण्याची : ५,००० मीटरवरून एकाच कोनात खाली येत २,००० मीटरवरचा वेग पाहावा, कोणत्या वेगाला नाक वर उचलणे जड होते ते नोंदवावे आणि एकदा मुद्दाम पंख तुटेपर्यंत जाऊन ती मर्यादाही लिहून ठेवावी. वेग ३०० वरून ४५० पर्यंत नेण्याची आणि ५०० च्या वेगाने सरळ वर उसळण्याची चाचणी याच धर्तीवर घेता येते. तिचा वेगळा तपशील देण्याची आवश्यकता नाही.

पाचवी पायरी : उंची आणि वेगानुसार जोड मांडा

आता वहीच्या एका पानावर उंचीचे तीन थर आडवे आणि वेगाचे दोन स्तर उभे आखावेत. उंचीसाठी ३,००० मीटरखाली, ३,००० ते ६,००० आणि त्यावर. वेगासाठी मापकावर ४०० च्या खाली आणि वर. तयार झालेल्या सहा घरांपैकी प्रत्येकात ‘मी’, ‘तो’ किंवा ‘बरोबरी’ एवढेच लिहावे आणि त्याखाली कारण एका शब्दात द्यावे : वळण, गिरकी, चढण किंवा सूर. दोन प्रत्यक्ष जोड्या मांडून दाखवतो.

झिरो ए६एम२ आणि वाइल्डकॅट एफ४एफ-४ ही जोड कागदावर एकतर्फी दिसते. झिरोच्या पंखांवर १०७ किलोचा भार, वाइल्डकॅटच्या पंखांवर साधारण १५० किलोचा, आणि चढण्यातही झिरो पुढे. प्रशांत महासागरातल्या युद्धात अमेरिकी वैमानिकांनाही आरंभी तसेच वाटले होते. जून १९४२ मध्ये अलास्काजवळच्या अकुतान बेटावर एक झिरो दलदलीत उतरताना उलटला. जुलैमध्ये तो अमेरिकनांच्या हाती लागला, सॅन दिएगोला दुरुस्त झाला आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी तो उडवून पाहिला. त्या चाचण्यांत आढळले की सुमारे २०० नॉट्स, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे त्याची एलरॉन, म्हणजे पंखांवरच्या गिरकी देणाऱ्या झडपा, जड होतात, गिरकी मंदावते आणि विमानाचे नाक एकदम खाली दाबल्यास कार्ब्युरेटरमुळे इंजिन अडखळते. याचा अर्थ असा की आपल्या तक्त्यातल्या सहा घरांपैकी कमी वेगाची तिन्ही घरे झिरोची आहेत, पण वेगाची घरे तशी नाहीत. वाइल्डकॅट उडवणाऱ्याने मापकावर ४०० च्या खाली येऊ नये, पाठीवर झिरो आला तर नाक दाबून सूर मारावा आणि वेग चढताच गिरकी घेऊन दिशा बदलावी. झिरोवाल्याने उलट, शत्रूला वेग खर्च करायला लावावा आणि सूर मारलेल्या वाइल्डकॅटमागे खाली जाण्याचा मोह टाळून उंची राखावी. वाइल्डकॅट दोन असतील तर हिशेब आणखी बदलतो, कारण एकमेकांना छेदत उडण्याचा जो डाव जॉन थॅच यांनी शोधला, तो मुळात याच जोडीवरचा तोडगा होता आणि १९४२ च्या मिडवेच्या लढाईत तो वापरला गेला.

दुसरी जोड स्पिटफायर आणि फॉके-वुल्फ १९० यांची. १९४१ च्या शरद ऋतूत फॉके-वुल्फ पुढे आले, तेव्हा ब्रिटिशांचे स्पिटफायर मार्क ५ वळण सोडून जवळपास सर्वच बाबतींत मागे पडले. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकून आपले फॉके-वुल्फ वेल्समधल्या पेंब्रे येथील ब्रिटिश धावपट्टीवर उतरवून बसला. ब्रिटिशांनी ते विमान आपल्या विमानांशेजारी उडवून पद्धतशीर तुलना केली आणि आपण वर ज्या चाचण्या घेतल्या, तशाच त्या होत्या. मार्क ९ शी तुलना करताना वेगात दोघे बरेच तुल्यबळ, वळणात स्पिटफायर सरस आणि गिरकीत फॉके-वुल्फ सरस, असा साधारण निष्कर्ष निघाला. गिरकीतला फरक किती मोठा होता, हे नंतरच्या अमेरिकी मोजमापांवरून दिसते : फॉके-वुल्फ ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास सेकंदाला सुमारे १६० अंश फिरत असे, तर नेहमीच्या पंखांचे स्पिटफायर त्याच्या सर्वोत्तम वेगालाही साधारण १०५ अंशांपर्यंतच जाई.

खेळात या जोडीचा तक्ता असा भरतो. कमी वेगाची सगळी घरे स्पिटफायरची, कारण भारातला आणि चढण्यातला फरक तेथे निर्णायक ठरतो. खालच्या दोन थरांत वेग जास्त असताना फॉके-वुल्फचा हात वर, कारण तेथे गिरकी आणि सूर यांना महत्त्व येते. सहा-सात हजार मीटरच्या वर मात्र वेग असूनही फॉके-वुल्फ मागे पडते. त्याच्या इंजिनाचा सुपरचार्जर एका टप्प्याचा आहे आणि विरळ हवेत त्याची शक्ती लवकर घटते, उलट मार्क ९ च्या मर्लिनचा सुपरचार्जर दोन टप्प्यांचा आहे. फॉके-वुल्फ घेणाऱ्याने वळणात सापडल्यावर त्याच दिशेने वळत राहू नये. झटकन उलटी गिरकी घेऊन विरुद्ध दिशेने खाली निघून जावे. स्पिटफायर त्या बदलाला उशिरा प्रतिसाद देते आणि तेवढ्यात अंतर पडते. ब्रिटिश चाचण्यांतही ही युक्ती नोंदलेली आहे.

सहावी पायरी : शस्त्रांचा हिशेब वेगळा करा

विमान शत्रूच्या मागे नेणे आणि त्याला पाडणे ही दोन निराळी कामे आहेत. झिरोच्या २० मिलिमीटर तोफांत प्रत्येकी फक्त ६० गोळे असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास असतो, तर वाइल्डकॅटच्या सहा १२.७ मिलिमीटर मशीनगनच्या गोळ्या ८८० च्या आसपास वेगाने सुटतात. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तरी ४०० मीटरवरून आडव्या जाणाऱ्या आणि सेकंदाला १०० मीटर वेग असलेल्या विमानावर नेम धरताना झिरोला ६७ मीटर पुढे आणि वाइल्डकॅटला ४५ मीटर पुढे मारावे लागते. शिवाय झिरोच्या ७.७ मिलिमीटर गोळ्या आणि तोफेचे गोळे वेगवेगळ्या रेषांत जातात, त्यामुळे एकाचा नेम पाहून दुसरे डागणे फसते. म्हणून झिरोने २०० मीटरच्या आत जाऊनच तोफा वापराव्यात. बंदुका पंखांत असतील, तर त्यांचा मिलनबिंदू, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गोळ्या एकत्र येतात ते ठिकाण, आपण प्रत्यक्षात ज्या अंतरावरून मारतो तेथे ठेवावा. माझा २५० ते ३०० मीटरच्या दरम्यान असतो.

मुंबईहून दूरच्या सर्व्हरवर खेळताना पिंग, म्हणजे सर्व्हरशी संदेश जाण्या-येण्याला लागणारा वेळ, अधिक असेल, तर आडव्या जाणाऱ्या शत्रूवरचे क्षणिक नेम हुकतात आणि मागून शांतपणे घेतलेले नेम लागतात. अशा रात्री झटक्याच्या नेमावर विसंबणारी विमाने मी निवडत नाही. समोरासमोरच्या धडकेचाही विचार शस्त्रांच्या याच पानावर करावा : चार तोफांच्या फॉके-वुल्फ ए-८ समोर दोन तोफांच्या स्पिटफायरने सरळ जाण्यात काहीही मिळवायचे नसते.

सातवी पायरी : दोघांनी मिळून जोड खेळून पाहा

तक्ता भरून झाला की सानुकूल लढाई तयार करून एकाच जोडीचे पाच डाव खेळावेत. पहिला डाव समान उंची आणि समान वेगाने, दुसरा आपण ५०० मीटर वर, तिसरा तो ५०० मीटर वर, चौथा कमी उंचीवर आणि कमी वेगात, पाचवा सात हजार मीटरवर. त्यानंतर विमानांची अदलाबदल करून तेच पाच डाव पुन्हा खेळावेत. ही अदलाबदल टाळली, तर विमानाची तुलना न होता दोन खेळाडूंचीच तुलना होते.

आमच्या अशाच एका रात्री मावसभाऊ स्पिटफायरमध्ये होता. तिसऱ्या डावात मी वरून फॉके-वुल्फ घेऊन उतरलो, नेम चुकला आणि सवयीने त्याच्यामागे वळू लागलो. दुसऱ्या वर्तुळाच्या मध्यावर हेडफोनमधून तो शांतपणे म्हणाला, “दादा, तुझा वेग बघ.” मापकावर २९० होते. तक्त्यातले जे घर मी स्वतःच्या हाताने त्याच्या नावावर लिहिले होते, त्यातच मी आपल्या पायांनी जाऊन बसलो होतो, आणि पुढच्या दहा सेकंदांत तो माझ्या मागे आला. त्या डावानंतर फॉके-वुल्फच्या पानावर मी लाल पेनाने ‘३५० च्या खाली वळण बंद’ अशी ओळ लिहिली.

प्रत्येक डावानंतर कोण जिंकले, यापेक्षा लढाई कोणत्या घरातून कोणत्या घरात सरकली, ते लिहावे. मेसरश्मिट १०९ जी-६ आणि मस्टँग या जोडीत आम्हाला हेच उपयोगी पडले. पंखांवरचा भार दोघांचा फारसा वेगळा नाही, म्हणून वळणाच्या चाचणीवरून काही ठरत नव्हते. डाव लिहिल्यावर दिसले की मेसरश्मिट जिंकते तेव्हा लढाई प्रत्येक वेळी चढणीकडे आणि कमी वेगाकडे सरकलेली असते, आणि मस्टँग जिंकते तेव्हा लांब सुराकडे, जेथे मेसरश्मिटची सुकाणू जड होतात.

आठवी पायरी : पान लहान करा आणि तारीख लिहा

लढाईच्या गडबडीत सहा घरांचा तक्ता वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक जोडीसाठी तीन ओळींची चिठ्ठी करून ती मॉनिटरच्या कडेला चिकटवावी : कोणत्या वेगाखाली जायचे नाही, मागे शत्रू आला तर पहिली हालचाल कोणती, आणि कोणत्या परिस्थितीत लढाई सोडून निघायचे. माझ्या झिरोच्या चिठ्ठीवर ‘४०० च्या वर पाठलाग नको, मागे आला तर वरच्या दिशेने घट्ट वळण, तो सूर मारून गेला तर जाऊ दे’ एवढेच आहे.

चिठ्ठीच्या कोपऱ्यात मोजमापाची तारीख आणि खेळाची त्या दिवशीची आवृत्ती लिहिण्यास विसरू नये. अद्ययावतीकरणात विमानांची उड्डाणवैशिष्ट्ये बदलतात आणि सहा महिन्यांपूर्वीचा आकडा आज चुकीचा ठरू शकतो. प्रत्येक मोठ्या बदलानंतर सर्व चाचण्या पुन्हा घेण्याची गरज नसते. सतत वळणाची आणि १,००० ते ३,००० मीटर चढण्याची चाचणी घ्यावी आणि त्यांत अनुक्रमे अर्ध्या सेकंदापेक्षा किंवा पाच सेकंदांपेक्षा अधिक फरक आढळला, तरच त्या विमानाचे पूर्ण पान नव्याने लिहावे.